गौराबाईचा जबाब

गौराबाई लग्न होऊन या गावात आली तेव्हा गावच नवं होतं. भूकंपात जुनी वस्ती गेली, आणि सरकारनं वर माळावर एका मापाची घरं ओळीनं बांधून दिली. सास्तूर इथून कोसभर. तिचं माहेर मात्र सीमेपलीकडचं, आळंदकडचं, घरात सगळं कन्नड. सासरी आल्यावर ती मराठी शिकली, तीही कामापुरती. बाजाराला, शाळेला, पंचायतीला लागेल एवढी. रागवायचं, लाड करायचे आणि महादेवापुढं बसून बोलायचं ते कन्नडमध्येच.

नवरा सिद्धलिंग नऊ वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. मागं दोन एकर रान आणि शांतलिंग नावाचा मुलगा. मुलगा हाताशी येईपर्यंत गौराबाईनं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम धरलं, आणि तो उमरग्याच्या गॅरेजात लागला तरी ते सोडलं नाही. जोडीला दगडाबाई होती. वयानं दहा वर्षं मोठी, तोंडानं फटकळ, हातानं उरकती. दोघी मिळून दीडशे पोरांचं पातेलं उतरवत.

शांतलिंगचं लग्न परंड्याच्या शिवरंजनीशी झालं. पोरगी बी.ए. झालेली, बचत गटाचं लिहिणं-वाचणं तीच बघायची. पण तिला कन्नडचं अक्षर कळत नव्हतं, आणि सासूनं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. सुनेबद्दल काही बोलायचं असलं की गौराबाई तिच्यासमोरच मुलाशी कन्नडमध्ये बोले. शिवरंजनीला शब्द कळत नसत, पण आपलं नाव मात्र बरोबर ऐकू येई. तीन वर्षं त्या घरात असंच चाललं होतं. भांडण नव्हतं, पण गोडीही नव्हती.

येळवस, म्हणजे रानात पूजा करून जेवायची अमावास्या, होऊन पाचवा दिवस. मंगळवार होता. शाळेतलं काम आटोपून गौराबाई दुपारी रानात गेली. तूर कापणीला आली होती, बाया कधी बोलवायच्या ते बघायचं होतं. तूर त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. बांधाला लागून रणधीरचं रान. हा रणधीर शाळा समितीत होता, चाळिशीच्या आतला, चार लोकांत उठबस असलेला. रस्त्यात भेटला की "गौराकाकू, बरं हाय का तुमचं?" असं विचारून पुढं जायचा. त्या दिवशीही त्यानं तसंच विचारलं. मग तो बांध ओलांडून आत आला.

तिनं आरडाओरडा केला. आजूबाजूला ऐकणारं कुणी नव्हतं. तिनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला, त्यानं तिला खाली पाडलं. पुढचं तिनं नंतर जिथं सांगायचं तिथं सांगितलं, इथं ते पुन्हा सांगायचं कारण नाही. जाताना तो म्हणाला, "बोललीस तर तुझंच नाक कापलं जाईल. ह्या वयात कोण इस्वास ठिवणार तुझ्यावर?" इतकी वर्षं तुम्ही-तुम्ही करणारा माणूस त्या दिवशी 'तू'वर आला होता. गौराबाईच्या ध्यानात ते का कोण जाणे पक्कं बसलं.

घरी येऊन तिनं अंघोळ केली. पाणी संपलं तेव्हा पुन्हा भरून आणलं आणि पुन्हा केली. लुगडं धुऊन वाळत घातलं. आतला परकर आणि चोळी मात्र तिच्यानं हातात धरवेना. ती तशीच बोळा करून तिनं गोठ्यातल्या रिकाम्या पोत्यात कोंबली. बुधवारी ती शाळेत गेली, गुरुवारीही गेली. खिचडी शिजवली, पोरांना वाढली. दगडाबाईनं दोनदा विचारलं, "गौरे, ताप आलाय का तुला?" तिनं मान हलवली. व्हय की न्हाय ते दगडाबाईला कळलं नाही.

शिवरंजनीला मात्र दोन दिवसांत तीन गोष्टी खटकल्या. सासू जेवत नव्हती. दोन्ही कोपरं सोलवटलेली होती. आणि सासूनं दोन दिवसांत तिला एकदाही टोकलं नव्हतं. भाजी खारट झाली तरी नाही, दुपारी झोपली तरी नाही. शुक्रवारी सकाळी शांतलिंग गाडी काढून कामाला गेला आणि शिवरंजनी परड्यात सासूजवळ जाऊन बसली.

"आत्या, कुठं पडला होता तुमी?"

गौराबाईनं पदर ओढून कोपरं झाकली.

"पडला न्हाय ना?"

यावर गौराबाई रडेल असं शिवरंजनीला वाटलं होतं. ती रडली नाही. जमिनीकडं बघत तिनं सांगितलं, पण सांगितलं ते कन्नडमध्ये. एकामागून एक वाक्यं. शिवरंजनीला त्यातलं 'रणधीर' कळलं आणि 'तोगरी' कळलं. तोगरी म्हणजे तूर, एवढं तीन वर्षांत कानावर पडून माहीत झालं होतं. बाकीचं तिला सासूच्या हातांकडं बघून कळलं. ते पदराचं टोक असं पिळत होते की त्याची चिंधी व्हायची राहिली होती.

"शांताला सांगू नगंस," शेवटी गौराबाई मराठीत म्हणाली. "तो जीव घील त्याचा."

"बरं," शिवरंजनी म्हणाली. "पर आपल्याला तर काय तरी कराय पायजे."

बचत गटाच्या बैठकीत एकदा कुणीतरी येऊन महिलांच्या मदतीचा नंबर सांगून गेलं होतं, एकशे एक्क्याऐंशी. तो बाकीच्या बायांसारखाच शिवरंजनीनं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होता. तिनं फोन लावला. पलीकडच्या बाईनं नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "आत्ता तुम्ही दोघी सुरक्षित जागी आहात का? तो माणूस जवळपास आहे का?" मग विचारलं, किती वेळ झाला. शिवरंजनीनं बोटांवर मोजलं. मंगळवारी दुपारी तीनचा सुमार, आता शुक्रवारचे सकाळचे नऊ. सहासष्ट तास.

"मग आजच दवाखान्यात जा, आणि दुपारच्या आत पोचा," बाई म्हणाली. "काही गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. सरकारी दवाखान्यात फुकट आहे सगळं. आधी पोलिसांत गेलंच पाहिजे असं नाही, डॉक्टर उपचार आधी करतील. त्या दिवशीचे कपडे आहेत का?"

"लुगडं धुतलं."

"काही हरकत नाही. बाकीचं?"

शिवरंजनीनं सासूकडं पाहिलं. गौराबाईनं गोठ्याकडं बोट केलं.

"धुऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कागदात गुंडाळा. आणि ताई, त्यांना एक सांगा. अंघोळ केली, उशीर झाला, म्हणून आता काही होणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका."

नेमकं हेच गौराबाईच्या मनात होतं. तीन दिवस उलटले, आता कशाला, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. शिवरंजनीनं वाद घातला नाही. तिनं जुन्या वर्तमानपत्रात कपडे गुंडाळले, सासूला चहा पाजला, घराला कुलूप लावलं. सास्तूरपर्यंत वडापची, माणसं भरून नेणारी जीप आणि तिथून एसटी. गाडीत ओळखीची एक बाई भेटली, "कुठं निघाल्या सासू-सुना?" म्हणाली. "आत्याचे डोळे दाखवायचेत," शिवरंजनी म्हणाली, आणि तो अख्खा रस्ता सासूच्या मांडीवर हात ठेवून बसली. असं ती याआधी कधी बसली नव्हती.

उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात त्या पावणेबाराला पोचल्या. केसपेपरच्या खिडकीवर काय सांगायचं हा प्रश्न होता. बाहेर ही गर्दी. शिवरंजनी खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणाली, "बाई डॉक्टर पायजेत. लगीच." खिडकीतल्या नर्सनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, पुढं काही विचारलं नाही, उठून आतल्या दारानं त्यांना घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होती. तिनं दार लावलं, पडदा ओढला आणि खुर्ची ओढून गौराबाईच्या समोर बसली. काय काय तपासायचं आणि कशासाठी, ते तिनं एकेक करून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "हे केलं तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा. नको म्हणालात तरी औषध थांबणार नाही." कोपराला औषध लावताना विचारलं, रक्त घेताना विचारलं, पुढच्या तपासणीला विचारलं. एका तपासणीला गौराबाई नको म्हणाली. डॉक्टरनं "बरं" म्हणून कागदावर तसं लिहिलं आणि पुढं गेली. आयुष्यात आपल्याला इतक्यांदा कुणी विचारलं नव्हतं, असं गौराबाई नंतर दगडाबाईला म्हणाली. लग्नातसुद्धा नाही.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पहिली तिथंच, डॉक्टरसमोर, दुपारी एकच्या ठोक्याला. या गोळ्यांनी मळमळेल, पण मधेच सोडायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. कपड्यांचं पुडकं सीलबंद झालं. मग डॉक्टर म्हणाली, "दवाखान्यातून पोलिसांना कळवणं मला भाग आहे. पण जबाब द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. घाई नाही. धाराशिवहून सखी केंद्राच्या, अशा वेळी बायांच्या मदतीला येणाऱ्या मॅडम निघाल्यात, त्यांच्याशी बोला आधी."

त्या मॅडम म्हणजे हर्षाली. चार वाजता आल्या. पस्तिशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि पार्ले बिस्किटांचे दोन पुडे. आल्या आल्या त्यांनी दोघींना काही खाल्लं का विचारलं. खाल्लं नव्हतं. बिस्किटं खाऊन झाल्यावरच त्यांनी कामाचं काढलं. केस केली तर काय काय होईल ते सांगितलं, आणि त्यातलं अवघडही लपवलं नाही. वेळ लागेल, गाव बोलेल, कोर्टात नको ते प्रश्न विचारतील. "पण कुठंच एकट्या जावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढं मी सांगू शकते. निकालाचं नाही सांगू शकत."

गौराबाईनं बिस्किटाच्या पुड्याचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "तो शाळेत येतोय. समितीत हाय. पोरी हायत तितं." आणि थोड्या वेळानं, "लिवून घ्या."

जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक दवाखान्यातच आल्या, सोबत सृष्टी नावाची तरुण महिला पोलीस. उपनिरीक्षक बाई सावकाश विचारत होत्या, पण गौराबाईची गाडी तुरीच्या बांधापाशी येऊन थांबे. "त्यानं मला..." एवढं म्हणून ती गप्प होई. असं तीनदा झालं. तिला लाज वाटत होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. त्या गोष्टीचे शब्दच तिच्याजवळ मराठीत नव्हते. बाजारात आणि पंचायतीत ते कधी लागले नव्हते.

सृष्टी आळूरकडची, घरात दोन्ही भाषा बोलणारी. तिनं उपनिरीक्षक बाईंकडं बघून परवानगी घेतली आणि म्हणाली, "अव्वा, कन्नडदाग हेळ्री." आई, कन्नडमध्ये सांगा.

मग गौराबाईनं सगळं सांगितलं. पाऊण तास लागला. ती सांगे, सृष्टी मराठीत सांगे, उपनिरीक्षक बाई लिहीत. मधे एकदा हर्षालीनं विचारलं की सुनेनं बाहेर बसावं का, सासूला संकोच होत असेल तर. गौराबाईनं शिवरंजनीचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. तिला न्हाय कळत कन्नड." पण सृष्टी मराठीत सांगताना शिवरंजनीला सगळं कळतच होतं, आणि हे गौराबाईलाही कळत होतं. तरी तिनं हात सोडला नाही. शेवटी जबाब दोन्ही भाषांत वाचून दाखवला. एके ठिकाणी 'ढकललं' लिहिलं होतं, गौराबाईनं ते थांबवून 'पाडलं' करून घेतलं. मग सही केली.

शांतलिंगला त्या संध्याकाळी कळलं. दवाखान्याच्या आवारातच, गौराबाईनं सांगितल्यावर शिवरंजनीनं त्याला गॅरेजातून बोलावून घेतलं तेव्हा. तो आधी बायकोवर ओरडला, मला का नाही सांगितलं म्हणून. मग गाडीकडं वळला. कुठं निघाला ते सांगायची गरज नव्हती. गौराबाई त्याच्या आडवी आली आणि कन्नडमध्येच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. काय बोलली ते सृष्टीनं नंतर शिवरंजनीला सांगितलं: "तू त्याला मारलंस तर तू आत जाशील आणि तो बिचारा ठरंल. मग माझी केस तुझी केस होईल. ही माझी हाय. मला करू दे."

रणधीरला दुसऱ्या दिवशी उचललं. पुढच्याच आठवड्यात न्यायाधीशांपुढं गौराबाईचा पुन्हा जबाब झाला, तिथंही हर्षाली सोबत होत्या.

शांतलिंग पुढं दोन महिने आईशी नीट बोलला नाही. राग नव्हता, त्याला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. हर्षालीनं त्यालाही एकदा धाराशिवला बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर आईच्या गोळ्यांची वेळ झाली की गॅरेजातून फोन यायला लागला. गोळ्या तर केव्हाच संपल्या होत्या. हे त्याला कुणी सांगितलं नाही. तो फोन करायचा, गौराबाई "घेतली" म्हणायची.

गाव बोललं, जसं बोलायचं तसं. "शेहेचाळीस वरसांची बाई, अन् म्हणं..." इथपासून "रानाच्या बांधाचा वाद आसंल" इथपर्यंत. रणधीरच्या बाजूचे दोन वडीलधारे मिटवून घ्या म्हणून येऊन गेले. गौराबाईनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "मिटवायचं तर त्यानं त्या दिवशीच मागं फिरायचं हुतं."

खरा दणका बसला तो शाळेत. समितीची बैठक झाली आणि ठरलं की केस चालू असेपर्यंत गौराबाईनं कामावर येऊ नये, मुलांवर परिणाम होतो. मुख्याध्यापक कोंडीराम गुरुजी भला माणूस, पण भिडस्त. त्यांनी खाली मान घालून ते कागदावर लिहिलं. सोमवारी दगडाबाई एकटीच आली, स्वयंपाकखोलीच्या पायरीवर बसली आणि उठेचना. साडेअकरा झाले. गुरुजी आले.

"दगडाबाई, अजून गॅस पेटला न्हाय?"

"पेटनार न्हाय. ज्यानं केलं त्याचं नाव समितीत हाय अजून, अन् जिच्यावर झालं तिला घरी बसवताव. माजं एकलीचं पातेलं उतरत न्हाय. लिवा तुमच्या कागदावर."

गुरुजींनी त्या दिवशी पोरांना गूळ-शेंगदाणे वाटून वेळ मारून नेली. इकडं हर्षालीनं शिवरंजनीकडून तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाला अर्ज लिहून घेतला. शनिवारी वरून पत्र आलं, रणधीरचं नाव समितीतून निघालं. पुढल्या सोमवारी गौराबाई शाळेत होती. पोरांवर काय परिणाम झाला असेल तो असो. दुसरीतल्या एका पोरीनं फक्त विचारलं, "काकू, तुमी आजारी हुत्या का?" "व्हय," गौराबाई म्हणाली.

बरं व्हायला वेळ लागला, आणि एकसारखं बरं वाटतही नव्हतं. झोप मोडायची. मागून कुणी आलं की हातातलं सांडायचं. महिन्यातून एकदा ती एसटीनं धाराशिवला हर्षालीकडं जाई. कधी तासभर बोले, कधी नुसती बसून येई. त्या वर्षीची तूर शिवरंजनी आणि दगडाबाईनंच कापली, गौराबाईचं रानात पाऊल पडेना. पुढच्या मृगाला शांतलिंगनं विचारलं, काय पेरायचं? ती म्हणाली, "उडीद. गुडघ्याच्या वर जाईल असं काय नको." त्यानं उडीद पेरला. आता ती रानात जाते, पण बांधावर उभी राहून आधी चारी बाजूंना बघते, मग आत उतरते.

खटला पावणेदोन वर्षांनी उभा राहिला. रणधीर मधल्या काळात जामिनावर सुटून सोलापूरकडं नातेवाइकांत राहत होता, गावात यायची त्याला बंदी होती. सुनावणी बंद दाराआड झाली. मधे पडदा होता, त्यामुळं तिला त्याचं तोंड बघावं लागलं नाही. कोर्टानं दुभाषा दिला होता. रणधीरच्या वकिलांनी दोन दिवस प्रश्न विचारले. एक प्रश्न ते फिरून फिरून विचारत होते.

"घटनेनंतर दोन दिवस तुम्ही शाळेत जाऊन खिचडी शिजवली. असं काही खरोखर घडलं असतं तर बाई खिचडी शिजवील का?"

दुभाषा तोंड उघडायच्या आत गौराबाईनं मराठीत उत्तर दिलं. "दीडशे पोरं उपाशी ऱ्हायली आसती, साहेब. त्यांनी काय केलं हुतं?"

न्यायाधीशांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

प्रयोगशाळेचा अहवाल, डॉक्टरची साक्ष, रणधीरच्या हातावरची चाव्याची खूण, सगळं एका दिशेनं गेलं. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानं वर अपील केलं आहे, ते कधी निघेल कुणास ठाऊक. निकालाच्या दिवशी शिवरंजनी रडली, शांतलिंग बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला. गौराबाईला हर्षालीनं विचारलं, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "भूक लागलीय." चौघांनी स्टँडसमोर भजी खाल्ली.

या गोष्टीला आता काही महिने झाले. परवा ती गिरणीवर ज्वारीचं दळण घेऊन गेली होती. पुढं दोघी, मग ती. तिच्या मागं रणधीरची आई येऊन उभी राहिली, डोक्यावर पाटी. म्हातारी थकलेली, लेक आत गेल्यापासून निम्मी झालेली. कुणीतरी गौराबाईला डोळ्यानं खुणावलं, तू जा, तुझं दळण नंतर पाठवून देऊ.

गौराबाई आपल्या जागेवरून हलली नाही. म्हातारीही हलली नाही. दोघी एकमेकींकडं न बघता तशाच उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर गौराबाईनं ज्वारी घातली, पीठ हातावर घेऊन पाहिलं, जरा जाड वाटलं म्हणून गिरणीवाल्याला सांगून पुन्हा बारीक करून घेतलं, आणि डबा डोक्यावर घेऊन घरी गेली.